मोफत सल्ल्याची मागची बाजू

वकील संघाविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. तसं मी लिहून दिलेलं आहे, खाली सही केलेली आहे आणि सही करतानाचा माझा फोटोही काढलेला आहे. तेव्हा पुढे जे सांगतोय त्याला कोणी तक्रार समजू नये. हकीगत समजावी.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो नव्हतो. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात आयुष्य काढलेला माणूस मी. भांडायचं झालं तरी 'उपरोक्त विषयास अनुसरून' भांडतो. पण आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर आणि शेजारी वकील संघाचं बैठं सभागृह, म्हणजे त्यांची गच्ची आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. आपण कोर्टापासून लांब राहिलो तरी कोर्ट आपल्यापासून लांब राहीलच असं नाही, हे मला उशिरा कळलं.

त्या खिडकीशी माझ्या वडिलांची खाट आहे. बाबा बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठे आहे आणि का नाही, हे विचारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही जवळजवळ गेलं. उरले तीन शब्द. त्या गच्चीवरून पलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे बसथांबा दिसायचा. बस आली की बाबा 'आली' म्हणायचे, निघाली की 'गेली', आणि मधल्या वेळात 'उशीर'. तीन शब्दांत त्यांचा दिवस भागायचा. शाळेच्या बसबरोबर चहा, कारखान्याच्या बसबरोबर जेवण, लांब पल्ल्याची गाडी गेली की गोळ्या. दुसऱ्या कोणत्याही वेळी घास पुढे केला तर तोंड घट्ट मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, "यांचं औषध ती खिडकीच आहे. गोळ्या आपल्या समाधानासाठी."

एके सकाळी गच्चीच्या रस्त्याकडच्या कडेला लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि दुपारपर्यंत त्याच्यावर पत्रा चढला. मी कचेरीत होतो. घरी आलो तर आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दारातच उभी.

"दादा जेवला नाही," ती म्हणाली. "आणि जेवणारही नाही. ये, बघ."

खिडकीतून एक प्रचंड बोर्ड दिसत होता. म्हणजे बोर्डाची पाठ. गंजरोधक लाल रंग, आडवे-उभे अँगल, नटबोल्ट. बाबा त्या लाल पत्र्याकडे बघत पडले होते आणि 'उशीर, उशीर' म्हणत होते. पलीकडे बसचा आवाज आला, थांबला, पुन्हा गेला. आवाज कसली गाडी ते सांगत नव्हता. मी खाली उतरून बोर्डाची पुढची बाजू वाचली. मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'वकील संघातर्फे नागरिकांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र. अन्याय सहन करू नका. आत या.'

आता आमच्या इमारतीत सल्ला द्यायला वकील संघाची गरज कधीच पडली नव्हती. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यातच भेटले. "अर्ज करा," ते म्हणाले. "अर्जात राग नको, समास हवा. डावीकडे दोन बोटं." त्यांच्या पत्नीचं म्हणणं पडलं की बाबांची खाटच दुसऱ्या खोलीत न्यावी. त्या खोलीची खिडकी विहिरीसारख्या चौकात उघडते आणि तिथून आमच्याच स्वयंपाकघराचा नळ दिसतो, हे मी त्यांना सांगितलं. "नळाला पाणी येतं-जातं की," त्या म्हणाल्या. "तेवढाच विरंगुळा." माणसाची पीडा ही शेजाऱ्यांसाठी कशी मोकळी जागा असते, ज्याला हवं त्यानं येऊन आपली अक्कल वाळत घालावी.

बायको मात्र सरळ स्वभावाची. "तुम्ही जाऊन सांगा त्यांना. बोर्ड हातभर बाजूला घ्या म्हणावं. माणसंच आहेत ती."

"वकील आहेत," मी म्हणालो. पण गेलो.

केंद्र उघडल्यापासून एकही नागरिक आत गेला नव्हता, असं दिसलं. कारण मी दारात पाऊल टाकताच सगळे उठून उभे राहिले. संघाचे अध्यक्ष स्वतः पुढे आले. गोल चेहरा, मऊ हात आणि समोरचा माणूस आजारी असल्यासारखा हळवा आवाज. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. शिकाऊ वकिलांपैकी एकानं पंखा माझ्याकडे वळवला. अन्यायग्रस्ताला एवढा मान मिळतो हे माहीत असतं तर मी पूर्वीच एखादा अन्याय करून घेतला असता.

"बोला," अध्यक्ष म्हणाले. "काय झालं?"

"ते बोर्डामुळे आलो," मी म्हणालो.

"बघा!" ते सचिवांकडे वळले. सचिव म्हणजे एक ताडमाड उंच गृहस्थ. "मी म्हणत नव्हतो? अक्षरं मोठी हवीत!"

मी सगळी हकीगत सांगितली. माझं निवेदन मुद्देसूद असतं, त्याबद्दल आमच्या कचेरीत माझं नाव आहे. वडील, झटका, बस, जेवण, अडलेली खिडकी. बोर्ड कोणाचा ते शेवटी सांगावं म्हणून राखून ठेवलं होतं. ऐकता ऐकता अध्यक्षांचे डोळे खरोखर भरून आले. "उजेडाचा हक्क, हवेचा हक्क," ते बोटांवर मोजत म्हणाले, "आणि त्यात आजारी ज्येष्ठ नागरिक! अहो, उत्तम केस आहे. पहिल्या तारखेला मनाई हुकूम मिळेल. प्रतिवादी कोण?"

"आपण," मी म्हणालो.

बिस्किटांची बशी कोणीतरी थोडी मागे ओढली.

"मग जरा अडचण आहे," अध्यक्ष म्हणाले. अडचण अशी होती की, संघाचा एक जुना ठराव आहे: कोणताही सभासद संघाविरुद्ध किंवा दुसऱ्या सभासदाविरुद्ध उभा राहणार नाही. हा ठराव एकमतानं झाला होता. संघाच्या इतिहासात एकमतानं झालेला तो एकमेव ठराव, असं सचिवांनी अभिमानानं सांगितलं.

"बाहेरगावचा वकील केला तर?"

"जरूर करा. फक्त त्याला इथे उभं राहायचं तर आमचा एक सभासद बरोबर घ्यावा लागतो."

"मी स्वतः उभा राहिलो तर?"

"तो तर तुमचा हक्कच आहे!" अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तसा सल्ला मात्र आम्हाला देता येणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

दात त्यांचे, ओठ त्यांचे. चावलं गेलं होतं ते आमचं होतं, हे मी जिना चढताना ठरवलं. वेळेवर सुचलं नाही. माझी उत्तरं नेहमी जिन्यात सुचतात.

निघताना केंद्रातली एक तरुण वकीलबाई माझ्यामागे दारापर्यंत आली. "काका," ती हळूच म्हणाली, "बोर्डाला नगरपालिकेची परवानगी लागते. तिथे हरकत घ्या. मी मसुदा करून देते." मसुदा मी स्वतः करतो, मला मसुदे करून देणारा अजून जन्माला यायचाय, असं म्हणणार होतो, पण पोरीचा चेहरा पाहून 'बरं' म्हणालो. तिनं केलेला मसुदा माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

नगरपालिकेतल्या कारकुनानं तो मसुदा वरून खाली वाचला, मग खालून वर पाहिला. बोर्ड सार्वजनिक हिताच्या सदरात मोडतो, म्हणाला, त्यावर नुसती हरकत चालत नाही. वकिलाचा लेखी अभिप्राय जोडा.

"वकील कुठून आणू?"

"अहो, फुकट मिळतो. वकील संघानं केंद्र काढलंय. एवढा मोठा बोर्ड लावलाय, दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला," मी म्हणालो. "आमच्या घरातून दुसरं काहीच दिसत नाही."

वकीलबाईनं अभिप्राय दिला. स्वतःच्या नावानं, सही करून. पुढच्या आठवड्यात तिचं नाव केंद्राच्या दारावरच्या पाटीवरून पुसलं गेलं आणि तिची नेमणूक वृक्षारोपण समितीवर झाली. अभिप्राय 'अधिकृत केंद्राचा नाही' म्हणून नगरपालिकेतून परत आला. ती अजून रस्त्यात भेटते. मी रोपांची चौकशी करतो. "वाळली, काका," ती म्हणते आणि स्कूटर सुरू करते.

इकडे बळेबळे पाजलेल्या पेजेवर बाबा रोडावत चालले. आत्यानं एक युक्ती काढली. बसचा आवाज आला की ती खिडकीशी जाऊन ओरडायची, "आली हो, दादा! कारखान्याची! अगदी वेळेवर!" पहिल्या दिवशी बाबांनी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान फिरवली. कारखान्याची बस वेळेवर कधीच येत नव्हती, आणि उभा जन्म गाड्यांच्या वेळा राखलेल्या माणसाला फसवायला आत्याकडे तेवढा अभ्यास नव्हता. ती स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसत बसली. मला बाबांचा राग आला, मग आत्याचा आला, मग बायकोचा, आणि शेवटी मी कचेरीत एका विमेदाराला विनाकारण कडक पत्र पाठवलं.

वकील संघ मात्र आम्हाला विसरला नव्हता. आमच्या घरात कोणी वृद्ध आजारी आहेत हे अध्यक्षांच्या लक्षात राहिलं होतं. संघाच्या नेत्रतपासणी शिबिरातून त्यांनी एक डॉक्टर घरी पाठवला आणि चार दिवसांत बाबांना मोफत चष्मा आला. सोबत फोटोवाला. बाबांनी चष्मा घालून खिडकीकडे पाहिलं. लाल पत्रा आता त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी म्हणालो, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा हसून म्हणा."

मग बायकोचा पारा चढला. तिनं मला विचारलं नाही. कामावर निघालेल्या अध्यक्षांना तिनं रस्त्यातच गाठलं आणि भर थांब्यावर, बसच्या रांगेसमोर सांगितलं, "तुमच्या बोर्डामागं एक माणूस उपाशी मरतोय. एकदा वर येऊन बघा, नाहीतर मी त्याच बोर्डाखाली येऊन बसते." नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे मी मसुद्यांत लिहीत आलो, तिनं ते करून दाखवलं. रांगेतले लोक ऐकत होते. अध्यक्षांचा आवाज आणखी हळवा झाला आणि त्यांनी तिथल्या तिथे मध्यस्थी जाहीर केली.

मध्यस्थी सभागृहात झाली. मध्यस्थ अध्यक्ष होते. संघाची बाजू सचिवांनी मांडली. माझी बाजू मांडायला ठरावामुळे कोणी नसल्यानं, अध्यक्ष अधूनमधून माझ्याकडे वळून "तुमचं म्हणणं असं असावं" म्हणून तीही मांडत होते, आणि खरं सांगायचं तर वाईट मांडत नव्हते. बोर्ड हलवणं अशक्य, कारण पाया भरला आहे. बोर्ड काढणं अशक्य, कारण उद्घाटन झालं आहे. शेवटी तोडगा निघाला: बोर्डाला एक भोक पाडायचं. परातीएवढं. बाबांनी त्यातून बस बघावी. बदल्यात मी लिहून द्यावं की माझी संघाविरुद्ध कसलीही तक्रार नाही, पूर्वी नव्हती आणि पुढे राहणार नाही. मी मसुद्यातल्या दोन चुका सुधारून सही केली. टाळ्या झाल्या. फोटोवाला होताच.

भोक कुठे पाडायचं याची खूण करायला सचिव आमच्या घरी आले. बाबांच्या खाटेशेजारी ताठ उभे राहिले, एक डोळा मिटला आणि गच्चीवरच्या पेंटरला हातानं वर-खाली करत जागा दाखवली. "थांबा स्वच्छ दिसतोय," म्हणाले. भोक पडलं. सचिव गेल्यावर आमच्या ध्यानात आलं की थांबा ताडमाड उभ्या माणसाला दिसत होता. खाटेवरच्या माणसाला त्या भोकातून समोरच्या इमारतीच्या माथ्यावरची पाण्याची टाकी दिसत होती. बाबा दोन दिवस त्या टाकीकडे बघून 'उशीर' म्हणत राहिले.

पण या वेळी मी अर्ज केला नाही. मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी, बायको, आत्या असे सगळे मिळून आम्ही बाबांसकट खाट उचलली आणि चारी पायांखाली विटा रचल्या. एक थर, दुसरा थर, मग तिसरा, असे आठ थर. मुख्याध्यापक दर थराला बाबांच्या उशीशी डोकं नेऊन बघत होते. खाट एवढी उंच झाली की आत्याला बाबांना भरवायला स्टुलावर चढावं लागे. आणि मग दुपारी, भात निवत असताना, त्या भोकात निळ्या रंगाचा एक तुकडा येऊन थांबला.

"आली," बाबा म्हणाले.

कारखान्याची बस होती. उशिराच आली होती. बाबांनी तोंड उघडलं आणि आत्यानं स्टुलावरून पहिला घास दिला. मुख्याध्यापकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. मी पन्नाशीचा माणूस, पण स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. त्या महिनाभरात बाबांच्या गालावर मांस आलं. मला वकील संघाबद्दल प्रेम वाटू लागलं होतं, हेही लिहून ठेवतो. माणूस किती थोडक्यात विकला जातो ते कळावं.

महिन्यानंतर अध्यक्ष स्वतः पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. राज्यातल्या सगळ्या वकील संघांच्या महासंघानं यंदाच्या उत्कृष्ट समाजसेवेसाठी आमच्या संघाची निवड केली होती. निवड कशावरून? आमच्यावरून. आजारी वृद्धाला स्वतःविरुद्ध जाऊन न्याय देणारा संघ दुसरा नव्हता. त्यांनी बाबांचा डावा हात हातात घेतला, "तुमचे आशीर्वाद," म्हणाले. महासंघाचे लोक पाहणीला येणार होते, त्याआधी बोर्ड नव्यानं रंगवायचा होता. "आणि तुमचा तो सही करतानाचा फोटो आम्ही वापरला तर हरकत नाही ना?"

मला हरकत नव्हती. उगाच खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं माझी पत्रं कंपनीच्या नावानं गेली, माझं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणालो की, फोटोत केस जरा विस्कटलेले आहेत.

दोन दिवसांनी मी कचेरीतून परतलो तर थांब्यावर उतरणारी माणसं माझ्याकडे आणि वर बघत होती. बोर्ड झळकत होता. निळी अक्षरं आणखी मोठी झाली होती आणि त्यांच्या शेजारी पत्र्याच्या गोल चकतीवर माझा चेहरा होता, हातात पेन, तोंडावर हसू. खाली लिहिलं होतं: 'मला न्याय मिळाला. तुम्हालाही मिळेल.' केस नीट केले होते. दोन-तीन ओळखीच्यांनी हात केला. मी पुन्हा वर पाहिलं, चकतीची जागा नेमकी भोकाचीच होती, आणि माझे पाय रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाला शिवी देऊन गेला.

मी तसाच सभागृहात शिरलो. "भोक बुजवलंत!"

"बुजवलं नाही हो," अध्यक्ष चकित होऊन म्हणाले. "पेंटरला बोर्डाच्या मधोमध भोक बरं दिसेना. पाहुणे काय म्हणतील? म्हणून त्यावर चकती बसवली. चकतीवर दुसरं तिसरं कोणी नाही, तुम्हीच आहात!"

"ती काढा."

"पाहणी होऊ द्या. मग सभेपुढे ठेवतो." त्यांचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला. "आणि तसं तुम्ही लिहून दिलेलं आहेच." चहा मागवला गेला. मी तो न पिता निघालो. जिना चढताना या खेपेला काहीच सुचलं नाही.

वर दुपारचा भात तसाच झाकलेला होता. आत्या स्टुलावर बसून होती आणि बाबा विटांवरच्या उंच खाटेवर, मोफत चष्मा घालून, त्या पत्र्याकडे बघत होते. भोकाच्या जागी चकतीची पाठ दिसत होती, तिला अजून लाल रंगही दिलेला नव्हता.

"दादा सकाळपासून नजरेनं विचारतोय, हे काय आलं म्हणून," आत्या म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मी सांगितलं खरं ते. म्हटलं, पलीकडून तुझाच मुलगा आहे, दादा. हसतोय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पत्र्याकडेच पाहत होते. त्यांचे ओठ हलायला लागले, थांबले, पुन्हा हलले. डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि तेवढ्या ताणानं त्यांच्या कपाळावर घाम आला. झटक्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी पुरं वाक्य बोललेलं आम्ही कोणी ऐकलं नव्हतं.

"त्याला म्हणावं," बाबा म्हणाले, "जरा बाजूला हो."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. खिडकीच्या आड नव्हतो. तरी बाजूला झालो.